हात न टेकतां

चार वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. देवळाच्या उत्सवासाठीं मी कोंकणांतल्या आमच्या मूळ गांवीं गेलों होतों. दुपारीं सभामंडपांत पंगत बसली. सतरंजीच्या पट्ट्या अंथरलेल्या, समोर केळीचीं पानें. मांडी घालून बसलों, यथास्थित जेवलों, आणि हात धुण्यास उठूं लागलों तों मला उठतां येईना. पायाला मुंग्या आल्या असतील असें समजून क्षणभर थांबलों व पुन्हां प्रयत्न केला. तरीहि तेंच. उजवा हात उष्टा, तो जमिनीला टेकण्याची सोय नाहीं. डाव्या हातांत तेवढें बळ नाहीं. आजूबाजूचीं माणसें उठून गेलीं. दुसऱ्या पंगतीचीं पानें हातांत घेऊन वाढपी खोळंबून उभे राहिले. अखेर एका बारा वर्षांच्या मुलानें, "आजोबा, थांबा," असें म्हणून माझ्या काखेंत हात घातला व मला उभें केलें.

मी त्या वेळीं बहात्तर वर्षांचा होतों. व्यवसायानें डॉक्टर. आणि खरी नामुष्की अशी कीं, मी रोज सकाळीं नेमानें एक तास फिरणारा माणूस. वजन बेताचें, रक्तदाब ताब्यांत, मधुमेह नाहीं. आपली प्रकृति या वयांतहि ठणठणीत आहे, असें मी चारचौघांत सांगत असें. पानावरून उठण्यापुरतीहि ती ठणठणीत नाहीं, हें त्या दिवशीं साऱ्या गांवानें पाहिलें.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. ज्याला आपण म्हातारपण म्हणतों त्यांतला वयाचा भाग किती, आणि नुसतें बसून राहण्याचा भाग किती? चाळीस वर्षें व्यवसाय करूनहि हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता, हें आधींच कबूल करून टाकतों.

शरीर म्हातारें होतें यांत वाद नाहीं. पाठीच्या कण्यांतल्या ज्या मज्जापेशी स्नायूंना हुकूम सोडतात, त्या उतारवयांत एकेक करून मरत जातात. मेलेल्या पेशीच्या ताब्यांतले स्नायुतंतु शेजारच्या पेशीनें दत्तक घेतले तर वांचतात, नाहींतर वाळून जातात. या पडझडींत सर्वांत अधिक नुकसान होतें तें चपळ तंतूंचें. संथपणें चालण्यासाठीं हे तंतु फारसे लागत नाहींत. ते लागतात झटकन् उठण्यासाठीं, जिना चढण्यासाठीं, आणि ठेंच लागली असतां तोल सांवरण्यासाठीं. अमेरिकेंत सत्तरीच्या घरांतल्या स्त्रीपुरुषांची कांहीं वर्षें पाहणी झाली. तींत असें आढळलें कीं, पायांतील मांस वर्षाला सुमारें एक टक्का घटतें, पण पायांची ताकद त्याच्या तिप्पट वेगानें ओसरते. या क्षयाला आयर्विन रोझेनबर्ग या शास्त्रज्ञानें १९८९ सालीं 'सार्कोपेनिया' असें ग्रीक नांव दिलें. नांव मिळेपर्यंत वैद्यकाला ही गोष्ट दिसत होती, पण तिची दखल घ्यावी असें वाटत नव्हतें.

ती दिसत असून जाणवत कां नाहीं, याला कारण आहे. तरुण माणसाला खुर्चींतून उठतांना मांडीच्या ताकदीचा थोडासाच अंश खर्च करावा लागतो. पुढें ताकद घटत घटत अशा पायरीला येते कीं, त्याच उठण्याला जवळजवळ सगळी पुंजी लागते. मधल्या वीसपंचवीस वर्षांत माणसाला कांहींच कळत नाहीं, कारण शिल्लक आहे तोंवर खर्च निभावतो. मग एखादा ताप येतो, एखादी शस्त्रक्रिया होते, पंधरा दिवस अंथरुणांत जातात, आणि वर्षानुवर्षें चाललेली उधळपट्टी एका सकाळीं उघडी पडते. घरचीं माणसें म्हणतात, "या दुखण्यानें एकदम म्हातारे झाले."

आतां एक घरची गोष्ट सांगतों. ती सांगणें मला सोपें नाहीं. १९८६ सालीं माझ्या आईला न्युमोनिया झाला. ती त्या वेळीं सहासष्ट वर्षांची होती. पुण्यांतल्या आमच्या जुन्या घरांत विळीवर बसून भाजी चिरणें, पाटावर बसून पूजा करणें, अंगणाच्या तीन पायऱ्या उतरून तुळशीला पाणी घालणें हा तिचा नित्यक्रम असे. ताप दहा दिवसांत उतरला. मी ऐन उमेदींतला डॉक्टर. मीं फर्मावलें, सहा आठवडे संपूर्ण विश्रांति. सगळ्या घरानें हा हुकूम मनापासून पाळला. विळी तिच्यापुढून उचलली, पूजा माझ्या भावानें हातीं घेतली, पाण्याचा पेलासुद्धां खाटेशीं नेऊन दिला. "अरे, मला जरा उठूं तरी दे," असें ती म्हणे. "तूं पडून राहा, आई, आम्ही आहोंत ना," असें आम्ही म्हणत असूं. सहा आठवड्यांनीं ती हिंडूंफिरूं लागली, पण पाटावर बसली कीं तिला उठतां येईना. मग आम्हीं पाटाऐवजीं खुर्ची आणली. पुढें ती खुर्ची खाटेजवळ गेली. पुढें शौचाची खुर्चीहि खोलींत आली. दर खेपेस आम्ही एकमेकांना म्हणालों, वय झालें, चालायचेंच. ती १९९७ पर्यंत जगली. शेवटचीं सातआठ वर्षें तिनें तुळस खिडकींतून पाहिली.

मी तिला निजवून ठेवीत होतों त्याच्या वीस वर्षें आधीं, १९६६ सालीं, अमेरिकेंत डॅलस येथें एक प्रयोग झाला होता. वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्यांत आलें. तेवढ्या अवधींत, श्रम करतांना प्राणवायु वापरण्याची त्यांच्या शरीराची कमाल क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. हे निष्कर्ष १९६८ सालीं छापून प्रसिद्ध झाले होते. ते ग्रंथालयांत होते. मीं वाचले नव्हते. पुढें तीस वर्षांनीं, हेच पांचजण पन्नाशीला आले असतां, त्यांची पुन्हां तपासणी झाली. तेव्हां असें दिसलें कीं, मधल्या तीस वर्षांनीं त्यांची जेवढी क्षमता हिरावली होती, तीहून अधिक क्षमता विशींतल्या त्या तीन आठवड्यांनीं हिरावली होती. श्रोतेहो, हें वाक्य मीं प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून ठेवलें. त्या रात्रीं पुढें वाचवलें नाहीं. पुढें वाचलें असतें तर हेंहि कळलें असतें कीं, या पन्नाशीच्या पांचजणांकडून सहा महिने व्यायाम करवून घेतल्यावर तीस वर्षांची ती घट भरून निघाली.

पन्नाशी म्हणजे कांहीं म्हातारपण नव्हे, असें कोणी म्हणेल. तें रास्तच आहे. शिवाय हा हिशेब हृदयाचा आणि दमसासाचा झाला, स्नायूंचा नव्हे. म्हणून दुसरा प्रयोग सांगतों. १९९० सालीं बोस्टन येथील एका वृद्धाश्रमांतल्या दहा रहिवाशांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम देण्यांत आला. त्यांचीं वयें शहाऐंशी ते शहाण्णव. व्यायाम कसला, तर बसून पायानें वजन उचलण्याचा. आणि वजन नांवापुरतें नव्हे, एका वेळीं कमाल जेवढें उचलतां येईल त्याच्या ऐंशी टक्के. आठवड्यांतून तीन वेळां, आठ आठवडे. एकजण मध्येंच गळला, नऊजणांनीं तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढली, म्हणजे पूर्वींच्या पावणेतीनपट झाली. दोघांची काठी सुटली. हात न टेकतां खुर्चींतून उठूं न शकणारे तिघे होते, त्यांपैकीं एकाला उठतां येऊं लागलें. तिघांपैकीं एकच, हें मी मुद्दाम सांगतों, कारण व्यायाम म्हणजे जादूटोणा नव्हे. आणि या प्रयोगाची शेपटीहि विसरूं नये. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यांची ३२ टक्के ताकद पुन्हां गेली. नव्वदीचा देह ताकद मिळवतो, पण ती न वापरतां सांभाळून ठेवीत नाहीं.

तेव्हां आपल्या घरांकडे वळूं. आपल्या जुन्या घरांत व्यायाम हा शब्द तालमींतल्या पोरांपुरता होता. घरांतल्या आजीनें कधीं व्यायाम केला नाहीं. पण पाट, विळी, चूल, देव्हारा, अंथरूण, सारें जमिनीवर असल्यामुळें ती दिवसांतून कितीदां खालीं बसे व उठे, याची मोजदाद नव्हती. आतां जेवण टेबलावर आलें, स्वयंपाक ओट्यावर आला, शौचकूप कमोडचा झाला, निजणें पलंगावर गेलें. जमीन उरली ती फक्त पुसण्यासाठीं, आणि तीहि दुसऱ्या कोणाकडून. मी जुन्याचें गोडवे गाणारा नव्हे. जात्यावर आणि चुलीपुढें कितीएक बायकांचीं आयुष्यें पिठासारखीं दळलीं गेलीं व डोळे धुरानें गेले. तें जातें परत आणा म्हणणाऱ्या पुरुषाला प्रथम त्याच्यापुढें बसवावें. परंतु जातें गेलें म्हणून मांड्यांचें काम संपलें असें होत नाहीं. जें नकळत होत असे तें आतां जाणूनबुजून करावें लागणार, एवढाच याचा अर्थ.

आणि येथेंच आपल्या प्रेमाचा अडथळा येतो. घरांत सून भली असेल, मुलगा मायाळू असेल, तर म्हाताऱ्यांचें उठणें अधिकच लवकर बंद पडतें. "बाबा, तुम्ही बसा, मी आणतों." "आई, तुम्ही कशाला वांकतां?" हीं वाक्यें ज्या घरांत अधिक, तें घर सुसंस्कृत, असें आपण मानतों. मीहि मानीत होतों. मी आईचा पेला खाटेशीं नेला तो प्रेमानेंच नेला होता.

फिरण्याविषयीं दोन शब्द बोललें पाहिजे, कारण शहरांतल्या पेन्शनरांचा सारा भरंवसा त्यावर असतो. फिरणें उत्तमच. त्यानें हृदय सुधारतें, मन हलकें होतें, झोंप लागते. मात्र दादरच्या शिवाजी पार्कावर फिरावयास जाणाऱ्यांतले कित्येकजण एक फेरी घालून उरलेला वेळ कट्ट्यावर राजकारण करण्यांत घालवतात, त्याला फिरणें म्हणावें कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. महर्षि कर्वे १८५८ पासून १९६२ पर्यंत जगले. त्यांच्या पायीं चालण्याच्या हकीकती आपणां सर्वांना ठाऊक आहेत. परीक्षेसाठीं ते मुरुडहून घांट चढून साताऱ्यास पायीं गेले, आणि पुढें हिंगण्याहून फर्ग्युसन कॉलेजांत शिकवावयास पायीं जात. एका माणसाच्या दीर्घायुष्यावरून सिद्धांत काढूं नये. पण घांटांतलें, चिखलांतलें, चढउताराचें तें चालणें आणि फरसबंद बागेंतली आपली सपाट प्रदक्षिणा यांना एकच शब्द लावणें बरोबर नाहीं, एवढें तरी खरें. वृद्धांच्या पडण्यासंबंधीं १०८ प्रयोगांचा, तेवीस हजारांहून अधिक माणसांचा एकत्र आढावा २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. व्यायामानें पडण्याचें प्रमाण सुमारें २३ टक्क्यांनीं कमी होतें असें त्यांत निघालें. पण हा लाभ मुख्यतः तोल सांवरण्याच्या आणि उठण्याबसण्यासारख्या हालचालींच्या व्यायामाचा. नुसत्या चालण्यानें पडणें कमी होतें असें खात्रीनें म्हणतां आलें नाहीं. पंगतींत माझें जें झालें त्याचा उलगडा मला येथें झाला.

मग करावें काय? नमस्कार घालावे काय? औंधचे राजेसाहेब, भवानराव पंतप्रतिनिधि, साठी ओलांडल्यावरहि नमस्कार घालीत व संस्थानांतल्या शाळांतून मुलांना घालावयास लावीत. १९३८ सालीं त्यांचें यावरील पुस्तक लंडनमध्यें इंग्रजींत निघालें. ज्यांचा नमस्कारांचा नेम तरुणपणापासून अखंड आहे, त्यांनीं तो सोडूं नये. परंतु सत्तरीला आलेल्या, पूर्वीं कधींच न वांकलेल्या गृहस्थानें पाडव्याला संकल्प सोडून एकदम बारा नमस्कार घालावे, हें मला मान्य नाहीं. डोकें खालींवर होऊन घेरी येते, खांदा धरतो, आणि तिसऱ्या दिवशीं संकल्प संपतो.

मी सांगतों ती वस्तु प्रत्येकाच्या घरांत आहे. हात नसलेली साधी, न हलणारी खुर्ची घ्यावी व ती भिंतीला टेकवून ठेवावी. छातीवर हातांची घडी घालून उठावें, पुरतें ताठ व्हावें, आणि हळूहळू बसावें. धपकन् पडूं नये. खालीं येतांना जो संथपणा ठेवावा लागतो त्यांतच निम्मा व्यायाम आहे. श्वास कोंडूं नये, उठतांना सोडावा. आठदहा वेळां करावें, दोन मिनिटें विसांवा घ्यावा, असें तीनदां. एक दिवसाआड पुरे. घड्याळ लावून तीस सेकंदांत किती वेळां उठतां येतें हें एकदां मोजून पाहावें. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयांत पुरुषाला बारापेक्षां आणि स्त्रीला दहापेक्षां कमी वेळां जमलें, तर पडण्याचा धोका अधिक असें समजतात. माझी पहिल्या दिवसाची संख्या सात होती. ज्यांना एकदांहि जमत नाहीं त्यांनीं खुर्चीवर घट्ट उशी ठेवून ती उंच करावी, किंवा हात टेकून उठावें आणि फक्त बसतांना हात सोडावे. आणि ज्यांना हें अगदीं सोपें वाटूं लागेल त्यांनीं दोन किलो तांदळाची पिशवी छातीशीं धरावी. शेवटचे दोन वेळ कठीण गेले नाहींत, तर स्नायूला वाढण्याचें कारण उरत नाहीं. म्हाताऱ्यांना द्यावयाच्या व्यायामांत ही एकच गोष्ट आम्ही डॉक्टर हटकून विसरतों. आम्ही त्यांना हात हलवावयास आणि मान फिरवावयास सांगतों.

दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून टांचा उचलाव्या. भिंतीजवळ उभें राहून एका पायावर तोल धरावा. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका पाहणींत एक्कावन्न ते पंच्याहत्तर वर्षांच्या सतराशेंवर माणसांना एका पायावर दहा सेकंद उभें राहावयास सांगितलें, तेव्हां पांचांपैकीं एकाला जमलें नाहीं. आणि पुढच्या सुमारें सात वर्षांत अशांमध्यें मृत्यूचें प्रमाण बरेंच अधिक आढळलें. एका पायावर उभें राहिल्यानें आयुष्य वाढतें असा याचा अर्थ नव्हे. अंगांत काय चाललें आहे त्याची ती एक खूण आहे, इतकेंच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या शिफारशींत, पासष्टीपुढच्या माणसांनीं आठवड्याला दीडशें मिनिटांच्या हालचालीखेरीज तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावे, असें स्पष्ट म्हटलें आहे.

आणि जमीन. खुर्चीवर महिनादोन महिने गेल्यावर जमिनीवरून उठण्याचा अभ्यास करावा. पहिल्या वेळीं घरांतलें कोणी जवळ असावें. बसल्या जागेवरून एका कुशीला वळावें, हातगुडघ्यांवर यावें, खुर्ची धरून एक पाऊल पुढें टाकावें, आणि त्या पायावर जोर देऊन उठावें. घरांत एकटें राहणाऱ्या माणसाला हें आलेंच पाहिजे. न्हाणीघरांत पडून, हाड मोडलेलें नसतांहि, केवळ उठतां न आल्यामुळें तासच्या तास तसेंच पडून राहिलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

गुडघ्यांचें काय, हा प्रश्न येणारच. गुडघे दुखतात म्हणून व्यायाम सोडावा, असें मीहि पूर्वीं सांगत असें. आज संधिवातावरील सर्व मान्य उपचारांत मांडीचे स्नायु बळकट करणें हा पहिल्या पंक्तींतला उपचार आहे. थोडें दुखलें तरी चालेल. दुसऱ्या दिवशीं सूज आली तर मात्र प्रमाण कमी करावें. छातींत दुखणें, अकारण धाप लागणें, घेरी येणें हें ज्यांना होतें, ज्यांचें हृदयाचें दुखणें ताजें आहे, किंवा नुकतेंच हाड मोडलें आहे, त्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांना विचारावें. बाकीच्यांनीं विचारण्याच्या सबबीवर चारसहा महिने काढूं नयेत.

आहाराविषयीं थोडक्यांत. रात्रीं मऊभात आणि लोणच्याची फोड एवढ्यावर स्नायु बांधला जात नाहीं. उतारवयांत वजनाच्या दर किलोस एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनें रोज हवींत. साठ किलोच्या माणसाला साठसत्तर ग्रॅम. दूध, दहीं, घट्ट वरण, उसळी, आणि चालत असेल त्यांना अंडीं व मासे, हें तिन्हीं वेळच्या खाण्यांत वांटून यावें. दांत नाहींत ही अडचण खरी आहे, पण तिचा इलाज दंतवैद्याकडे आहे, मऊभातांत नव्हे.

माझें काय झालें, हें सांगून रजा घेतों. खुर्चीचा नेम चार वर्षें चालू आहे. मध्यंतरीं एकदां सर्दीतापानें तीन आठवडे बुडाला, तेव्हां संख्या चौदावरून दहावर आली. बोस्टनच्या म्हाताऱ्यांची मला आठवण झाली. यंदा पुन्हां उत्सवाला गेलों. पंगत तीच, सतरंजी तीच. जेवण झालें. डावा हात गुडघ्यावर टेकून, किंचित् झुलत, मी उठलों. परीक्षक कडक असेल तर यालाहि तो नापासच ठरवील, कारण गुडघ्यावर कां होईना हात टेकला होता. चार वर्षांपूर्वींचा तो मुलगा आतां मिसरूड फुटलेला झाला आहे आणि वाढपी म्हणून हिंडत होता. मला हालतांना पाहून तो हातांतली बादली खालीं ठेवून धांवत आला. "आजोबा, हात देऊं?"

मी म्हणालों, "हात नको. तूं जरा बाजूला सर."